भोवऱ्याभोवतीची चित्रं

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमची १३ क्रमांकाची आवृत्ती आली, ‘ट्रिक्सी’ नावाची. ज्यांनी ती बसवून घेतली त्यांना संगणक सुरू करताच रेषांची एक रचना दिसली असेल. तिच्यात शिंगवाल्या डायनासोरच्या मानेभोवतीच्या झालरीची आठवण आहे. या थीमचं नाव ‘सेराटॉप्सियन’ आणि ती केली एलिझ कूपर यांनी. कुठल्याही कंपनीने त्यांना हे काम दिलं नव्हतं, कुणी मोबदला देणार नव्हतं. डेबियनच्या डेस्कटॉप गटाने आवाहन केलं, सहा थीम आल्या, २,८१७ जणांनी त्यांना पसंतीक्रम दिला आणि ही पहिली आली.

मी डेबियन वापरतो तो मुख्यतः कामासाठी. पण गेली कित्येक वर्षं प्रत्येक आवृत्तीच्या आधी मी वाट पाहतो ती या चित्राची. प्रोग्रॅमरांनी उभारलेल्या एका संस्थेने चित्रकारांसाठी दार कसं उघडलं, त्यांना कोणते नियम लावले आणि त्यांच्यासाठी स्वतःचे कोणते नियम दुरुस्त केले, हे या चित्रांच्या रांगेत नीट वाचता येतं. म्हणून ही वाटचाल लिहून ठेवावीशी वाटली.

डेबियनची घोषणा ऑगस्ट १९९३ मधली. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने ती केली. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो मुक्त प्रोग्रॅम नीट जुळवून, सगळ्यांनी मिळून बांधलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम करायची, ही त्याची कल्पना. प्रकल्पाला मालक नाही. १९९७ साली स्वयंसेवकांनी ‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे समाजाशी केलेला करार मंजूर केला, आणि मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याचे निकषही त्यातच लिहिले. पुढे ‘ओपन सोर्स’ची व्याख्या ठरली ती याच निकषांवरून. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळण्यांची नावं देण्याची चाल १९९६ च्या ‘बझ’पासून पडली. तेव्हाचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स हा चित्रपट करणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते.

सुरुवातीच्या डेबियनला चेहरा असा नव्हताच. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चमकणारा कर्सर. पुढे डेस्कटॉप आले तेही नोम आणि केडीई यांच्या मूळ रूपात, जसे आले तसे. डेबियनची म्हणावी अशी पहिली खूण १९९९ साली मिळाली. राउल सिल्वा यांनी लाल रंगाचा, ब्रशच्या एका फटक्यात काढल्यासारखा भोवरा दिला. मूळ कल्पनेत एक बाटली होती आणि तिच्यातून हा भोवरा जादूच्या धुरासारखा वर निघत होता. लोगोची दोन रूपं ठरली: एक प्रकल्पाच्या अधिकृत वापरासाठी, दुसरं सगळ्यांसाठी खुलं. कोणतं रूप कशासाठी, यावरही सदस्यांचं मतदान झालं आणि दोन्हींची अदलाबदल करण्यात आली. चित्राचा प्रश्नही मताने सोडवायचा, हे वळण तिथेच पडलं.

भोवरा मिळाला, तरी त्याच्याभोवतीचं घर रिकामंच होतं. त्यासाठी ‘डेस्कटॉप-बेस’ नावाचं एक पॅकेज तयार झालं. वॉलपेपर, लॉगिनच्या पडद्यामागचं चित्र, डेबियनची चिन्हं हे सगळं एका जागी ठेवून प्रत्येक डेस्कटॉपला पुरवणं हे त्याचं काम. हे पॅकेज आकाराने छोटं, आणि बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नसतं. पण या लेखातली जवळजवळ सगळी माणसं त्याच्या उंबऱ्यावरून आत आली आहेत.

एप्रिल २००७ मधल्या ‘एच’ आवृत्तीचं मोल आपल्या लिपीतल्या माणसाला विशेष कळेल. तोपर्यंत डेबियन बसवायचं म्हणजे अक्षरांच्या चौकटींतून वाट काढायची. ज्या लिप्यांमध्ये अक्षरं एकमेकांत मिसळतात, मात्रा मागेपुढे बसतात, त्या लिप्यांना या चौकटींत मोकळं वावरता येत नसे. एचने चित्ररूप इन्स्टॉलर आणला तो याच लिप्यांची सोय व्हावी म्हणून, आणि तो ५८ भाषांत आला. पुढच्या ‘लेनी’त, १४ फेब्रुवारी २००९ ला, भाषा ६३ झाल्या. नव्याने आलेल्या पाचांत मराठी होती, अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी आणि सर्बियन यांच्या शेजारी.

लेनी मी एका जुन्या संगणकावर मराठीतून बसवली होती. भाषांच्या यादीत खाली खाली जात ‘मराठी’वर थांबलो, एंटर दाबलं आणि पुढचा पडदा देवनागरीत उघडला. जोडाक्षरं सुटी पडली नव्हती, वेलांट्या आपापल्या जागी होत्या. वर एक निळी पट्टी आणि तिच्यात भोवरा. त्या दिवशी त्या पट्टीकडे मी फार लक्ष दिलं नाही. पुढे कळलं की देवनागरीसाठी जो पडदा उघडला गेला, त्याच पडद्यावर चित्रालाही जागा झाली होती. एच आणि लेनी या दोन्ही आवृत्त्यांचं रूप ‘मोअरब्लू’ या निळ्या थीमच्या घराण्यातलं होतं. दिसायला साधं होतं, पण इन्स्टॉलरपासून डेस्कटॉपपर्यंत सगळीकडे एकच रंग दिसावा हा विचार त्यात होता.

२०१० साली झालेला एक ठराव मला या सगळ्या वाटचालीतला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो. डेबियनचं पूर्ण सदस्यत्व, मताचा हक्क आणि प्रकल्पाचा ईमेल पत्ता, हे तोवर व्यवहारात पॅकेज सांभाळणाऱ्यांनाच मिळत असे. भाषांतर करणारे, दस्तऐवज लिहिणारे, कार्यक्रम भरवणारे, चित्रं काढणारे वर्षानुवर्षं राबले तरी या दारातून आत येण्याची त्यांची वाट पॅकेजवरूनच जायची. त्या वर्षी सर्वसाधारण ठराव मतदानाने मंजूर झाला: पॅकेज न करणाऱ्यांचंही योगदान मोलाचं आहे, आणि त्यांना सदस्य म्हणून सामावून घ्यावं. कागदावर हा ठराव चार ओळींचा दिसतो. पण ज्या संस्थेत कोड हेच चलन आहे, तिने दुसरं चलन मान्य करणं ही सोपी गोष्ट नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच, ६ फेब्रुवारी २०११ ला, ‘स्क्वीझ’ आली. तिची थीम ‘स्पेसफन’, ब्राझीलच्या व्हालेसिओ ब्रितो यांनी केलेली. स्क्वीझ म्हणजे ‘टॉय स्टोरी’तले ते तीन डोळ्यांचे परग्रहवासी, म्हणून चित्रात अंतराळ आणि निळाईतून झेपावणारं रॉकेट. सर्व्हर चालवणाऱ्या गंभीर माणसांच्या पडद्यावर असं खेळकर चित्र यावं, याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं आणि आजही वाटतं.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाच्या ती लक्षात येत नाही. आवृत्तीचं नाव खेळण्याचं असलं तरी त्या खेळण्याचं चित्र थेट वापरता येत नाही, कारण त्याचे हक्क चित्रपट कंपनीकडे आहेत. त्यामुळे चित्रकाराला आडून सुचवावं लागतं. परग्रहवासी न काढता त्यांचं अंतराळ काढायचं, ट्रिक्सी हा खेळण्यातला डायनासोर न काढता त्याच्या मानेची झालर काढायची. मला तर वाटतं, या थीममधल्या उत्तम कल्पना या अडचणीतूनच सुचल्या आहेत.

परवान्याचा प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. डेबियनच्या निकषांप्रमाणे मुख्य संग्रहात जे जाईल ते कुणालाही वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता आलं पाहिजे, आणि बदलण्यासाठी लागणारा मूळ मसालाही सोबत हवा. प्रोग्रॅमच्या बाबतीत तो म्हणजे सोर्स कोड. चित्राच्या बाबतीत काय? सपाट पीएनजी फाइल पुरत नाही, कारण तीत रेषा, थर आणि रंग एकमेकांत मुरून गेलेले असतात. म्हणून एसव्हीजी हवी. इंकस्केपसारख्या मुक्त प्रोग्रॅममध्ये उघडली की प्रत्येक रेष वेगळी हाताळता येईल अशी. चित्रात अक्षरं असतील तर त्यांचा फॉन्टही मुक्त हवा. कुठून तरी उचललेला सुंदर फोटो चालत नाही, तो कुणी काढला आणि कोणत्या परवान्याने दिला हे सांगता आलं पाहिजे. नवख्या चित्रकाराला हे सगळं जाचक वाटतं. पण याच नियमामुळे त्याचं काम दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या हातात जिवंत राहतं.

या कसोटीला डेबियनचा स्वतःचा भोवराच बरीच वर्षं पुरता उतरत नव्हता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. खुल्या लोगोचा जुना परवाना प्रकल्पाच्याच निकषांत बसणारा नव्हता. दुसऱ्यांची चित्रं परवाना पाहून परत करायची आणि आपलं चिन्ह मात्र तसंच ठेवायचं, हे कुणालाही बोचलं असतं. २०१२ साली तो लोगो एलजीपीएल आणि क्रिएटिव्ह कॉमन्स अशा दोन मुक्त परवान्यांखाली आणला गेला. नियम करणाऱ्याने तो आधी स्वतःला लावून घेतला पाहिजे. उशिरा का होईना, तो लावला गेला.

मग आली मे २०१३ ची ‘व्हीझी’ आणि तिची ‘जॉय’, एद्रियाँ ओबुर यांची. त्यानंतर एप्रिल २०१५ च्या ‘जेसी’ची ‘लाइन्स’, ज्युलिएट बेलँ यांची. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

थीम म्हणजे वॉलपेपर, असा समज असतो. निवड झाली की चित्रकाराचं आणि तिला पॅकेजमध्ये बसवणाऱ्याचं खरं काम सुरू होतं. संगणक चालू केल्यावर आधी ग्रब येतो, कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा. तिथे चित्रावर अक्षरांची यादी असते, म्हणून चित्राचा मधला भाग शांत हवा, नाहीतर अक्षरं वाचताच येत नाहीत. मग सिस्टिम सुरू होत असताना दिसणारा प्लिमथचा पडदा. तिथे काहीतरी हलत राहतं, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर पासवर्डची चौकटही तिथेच येते. त्यानंतर लॉगिन, आणि लॉगिन प्रत्येक डेस्कटॉपचं निराळं. मग वॉलपेपर, तोही जुन्या चौकोनी पडद्यांसाठी वेगळा आणि रुंद पडद्यांसाठी वेगळा कापलेला. मग कुलूपाचा पडदा. इन्स्टॉलरच्या माथ्यावरची लांबट पट्टी दुसऱ्याच पॅकेजात राहते. इन्स्टॉलरची डिस्क सुरू होताना दिसणारं चित्र तर अगदी जुन्या, तुटपुंज्या पडद्यावरही उमटलं पाहिजे. एवढ्या ठिकाणी एकच चित्र वेगवेगळ्या मापांत, कुठे भोवऱ्यासह तर कुठे भोवऱ्याशिवाय बसवायचं. आणि एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना डोळ्याला झटका बसू नये.

हे सगळं फ्रीज सुरू होण्याच्या आत व्हावं लागतं. फ्रीज म्हणजे आवृत्ती येण्याआधीचा तो काळ, जेव्हा नवं काही आत घेणं थांबतं आणि फक्त चुका दुरुस्त होतात. आवाहन उशिरा झालं तर निवड उशिरा, निवड उशिरा झाली तर ही सगळी कापाकापी शेवटच्या आठवड्यांवर येते. ती करणाऱ्यांची नावं थीमवर नसतात. ग्रबच्या पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत म्हणून रात्री जागून एक रंग दोन छटा फिका करणारा माणूस पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत एका ओळीपुरता उरतो. माझ्या लेखी त्या ओळीचं मोल थीमच्या नावाइतकंच आहे.

जून २०१७ च्या ‘स्ट्रेच’साठी चौदा प्रस्ताव आले आणि ३,४७९ जणांनी कौल दिला. कौलाची पद्धत पाहण्यासारखी. एकावर शिक्का मारून मोकळं व्हायचं नाही, आवडीप्रमाणे क्रम लावायचा. डेबियनच्या प्रमुखाची निवडही अशाच पसंतीक्रमाने होते, त्यामुळे ही मंडळी या हिशेबात मुरलेली आहेत. चित्रांना ही पद्धत न्याय देते असं मला वाटतं, कारण थोड्यांना भन्नाट आवडणारं आणि बाकीच्यांना डोळ्यांत खुपणारं चित्र पुढे सरकत नाही. रोज आठ तास समोर राहणाऱ्या चित्राला ते योग्यच. निवडली गेली ‘सॉफ्टवेव्ह्ज’. ती पुन्हा ज्युलिएट यांचीच.

जुलै २०१९ च्या ‘बस्टर’साठी अकरा प्रस्ताव आणि ३,६४६ उत्तरं. या वेळी अ‍ॅलेक्स माकास यांची ‘फ्यूचरप्रोटोटाइप’. यंत्राचा आराखडा काढावा तशा बारीक, नेमक्या रेषा होत्या तिच्यात. ऑगस्ट २०२१ च्या ‘बुल्सआय’ला तर अठरा प्रस्ताव आले, कौल ५,६१३ जणांनी दिला. ज्युलिएट यांची ‘होमवर्ल्ड’ निवडली गेली, जर्मनीत गेल्या शतकात जन्मलेल्या बाउहाउस शैलीवरून स्फुरलेली. जून २०२३ च्या ‘बुकवर्म’साठी त्यांचीच ‘एमराल्ड’. म्हणजे चार वेळा त्याच.

एकाच हातून चार वेळा चित्र यावं यात काही गैर आहे का, असा विचार माझ्याही मनात आला होता. मी चारही थीम पुन्हा काढून पाहिल्या. लाइन्स आणि होमवर्ल्ड शेजारी ठेवल्या तर एका माणसाच्या वाटतही नाहीत. शिवाय दार कुणालाच बंद नव्हतं. मला काळजी आहे ती दुसऱ्या आकड्यांची. २०२१ ला अठरा प्रस्ताव होते, २०२५ ला सहा. उत्तरंही निम्म्यावर आली. याचा अर्थ लोकांना रस उरला नाही असा मी काढणार नाही, पण आवाहन करणाऱ्यांनी ते नव्या माणसांच्या कानांवर घालायला हवं, असं मनापासून वाटतं. आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांतल्या मुलांना असं काही असतं हे ठाऊकच नसतं. जगभरच्या संगणकांवर आपलं काम जाऊ शकतं, त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही, लागते ती एक एसव्हीजी आणि एक मुक्त परवाना. एवढं त्यांना कुणी तरी सांगितलं पाहिजे.

थीम या शब्दाचा दुसराही अर्थ आहे, आणि त्या वाटेवर पुष्कळ स्वयंसेवक थकले. बटणं, खिडक्यांच्या कडा, मेन्यू, स्क्रोलबार यांचं रूपच बदलायचं. जीटीके नावाच्या ज्या साधनावर नोमचे प्रोग्रॅम उभे आहेत, त्याच्या तिसऱ्या पिढीत थीमचे आतले नियम दर काही महिन्यांनी बदलत. हौशीने केलेली सुरेख थीम पुढच्या आवृत्तीत मोडायची, करणारा दुरुस्त करायचा, पुन्हा मोडायची. शेवटी तो नाद सोडून द्यायचा. दुसऱ्या बाजूने प्रोग्रॅम लिहिणारेही वैतागलेले होते. आपल्या प्रोग्रॅमात कुणाच्या तरी थीममुळे अक्षरं दिसेनाशी होतात आणि तक्रार मात्र आपल्याकडे येते, म्हणून २०१९ साली काही जणांनी डेबियनसारख्या सिस्टिमचं वितरण करणाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं: आमच्या प्रोग्रॅमांना थीम लावू नका. मला दोघांचंही दुःख कळतं. अशाच दुसऱ्या एका सिस्टिमने, उबुंटूने, या वाटेवर स्वयंसेवकांना सोबत घेऊन ‘यारू’ ही थीम घडवली. २०१८ च्या अखेरीस ती त्यांची मूळ थीम झाली आणि टिकली, कारण तिच्यामागे सतत राबणारा गट होता. डेबियनने बटणांना हात न लावता चित्रापुरतंच राहणं पसंत केलं. त्यामुळे कुणाचा प्रोग्रॅम मोडत नाही, आणि एका एकट्या चित्रकारालाही पूर्ण थीम करता येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद भारतात भरली, कोचीला. भारतात ती पहिलीच. त्याच परिषदेच्या दिवसांत सहलीला गेला असताना अब्राहम राजी हा केरळचा तरुण डेबियन डेव्हलपर पाण्यात बुडून गेला. तो उत्तम ग्राफिक डिझायनर होता. भारतातल्या छोट्या डेबियन परिषदांची चित्रं, चिन्हं, एकूण रूप यांची जबाबदारी त्याने उचललेली होती, आणि नव्या माणसांना हात धरून आत आणायचं कामही तो मनापासून करायचा. सॉफ्टवेअर आणि चित्र हे दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि तो माणूस आपल्या इतक्या जवळचा असू शकतो, हे मला त्याच्या जाण्याच्या बातमीने कळलं. त्याआधी कळलं असतं तर त्याला भेटायला गेलो असतो.

ट्रिक्सीच्या थीमबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. एलिझ कूपर यांनी आपल्या चित्रामागच्या प्रेरणा सांगताना ट्रिक्सीच्या झालरीबरोबर आणखी एक नाव घेतलं: अ‍ॅलेक्स माकास यांची फ्यूचरप्रोटोटाइप. सहा वर्षांपूर्वीचं चित्र, त्याच्या मूळ फाइली खुल्या, परवाना मोकळा. नव्या चित्रकाराने ते उघडावं, रेष न् रेष पाहावी आणि त्यातून आपलं काही काढावं, याला कुणाची आडकाठी नव्हती.

आणि जुनी चित्रं गेलेली नाहीत. माझ्या जुन्या संगणकावर बुकवर्म आहे. त्यात अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज नावाच्या आज्ञेने डेस्कटॉप-थीमची यादी मागितली की एमराल्ड, होमवर्ल्ड, फ्यूचरप्रोटोटाइप, सॉफ्टवेव्ह्ज, लाइन्स, जॉय अशी नावं ओळीने येतात, शेवटी शेवटी स्पेसफन. मी तिच्यापुढचा आकडा टाकला, ग्रबची नोंद ताजी केली आणि संगणक पुन्हा सुरू केला. निळाईतून ते २०११ चं रॉकेट वर निघालं.